आवडाबाईंचा फोटो आणि माझे आकडे

मित्रांनो, मी एक जुनी सेटिंगची फाईल आहे. तुम्ही मला कधी पाहिले नसेल. गुलमंडीतल्या एका फोटो स्टुडिओच्या संगणकात, फोल्डरच्या आतल्या फोल्डरमध्ये मी राहते. माझ्यात चित्र नाही की रंग नाही. काही शब्द आणि त्यांच्यापुढे आकडे, एवढेच माझे धन. डाग किती पुसायचे, चेहरा किती उजळवायचा, कडा किती ठळक करायच्या, ते मी सांभाळते.

माझा जन्म वैतागातून झाला. स्टुडिओचे मालक राजेंद्रभाऊ जुने फोटो नवे करून देतात. त्यांच्याकडे काम करणाऱ्या निशाने त्यासाठी एक मॅक्रो लिहिला होता. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदाच शिकवून ठेवलेले काम. फोटो उघडायचा, डाग पुसायचे, चेहरा उजळवायचा, साठवायचा, हे सगळे तो एका दमात करतो. पण स्वारी भारी विसरभोळी! बंद केला की सगळे आकडे विसरायचा आणि सकाळी निशाला ते पुन्हा भरत बसावे लागायचे. शेवटी ती चिडली. बंद होताना आकडे एका फाईलमध्ये लिहून ठेव आणि सुरू होताना तिथूनच वाचून घे, असे तिने त्याला शिकवले. ती फाईल म्हणजे मी.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मॅक्रो सुरू झाला की पडद्यावर एक चौकट यायची. तिच्यात माझे आकडे भरलेले असायचे आणि खाली प्रश्न असायचा, 'हेच ठेवायचे का?' निशा फोटोकडे बघायची, मग आकड्यांकडे बघायची आणि एखादा कमीजास्त करायची. ती सांगेल ते मी निमूट लिहून घ्यायचे. ते दिवस खरोखर चांगले होते.

मग लग्नसराई आली. अल्बममध्ये नवरानवरीच काय, सगळे वऱ्हाड गोरे दिसले पाहिजे, अशी आमच्याकडे रीतच पडून गेली आहे. तसे तोंडाने कोणी मागत नाही, पण केले नाही तर नाक मुरडतात. उजळपणाचा आकडा खूप वर गेला. गालावरचे तीळ आणि पुटकुळ्या जाव्यात म्हणून डाग पुसण्याचा आकडाही चढला. फोटोंचा ढीग पडलेला आणि दर वेळी तीच चौकट, तोच प्रश्न. राजेंद्रभाऊ कंटाळले.

"अगं निशा, ते खोकं सारखं सारखं काय विचारतंय? आकडे तर तेच हायेत. काढून टाक की."

"राहू द्या ना भाऊ. एखादा फोटो वेगळा असला तर?"

"तवाचं तवा बघू."

चौकट गेली. त्या दिवसापासून मला कोणी काही विचारेना. जागा वाचावी म्हणून तयार फोटो मूळ फोटोच्या जागीच साठवायचा, ही सवयही तेव्हाच लागली. मला त्याची धास्ती वाटायची, पण फाईलचे कोण ऐकणार?

लग्नसराई संपली आणि सरूबाई आल्या. त्या पुंडलिकनगरला राहतात आणि चितेगावच्या एका कंपनीत कामाला जातात. त्यांनी पिशवीतून एक छोटी फ्रेम काढली. तिच्यात त्यांच्या आईचा, आवडाबाईंचा, काळापांढरा फोटो होता. रोजगार हमीच्या कार्डावरून तो सोडवून घेतलेला होता आणि खांद्यावर शिक्क्याची शाई पसरली होती.

"मायचा एवढा एकच फोटो हाय, ताई," त्या निशाला म्हणाल्या. "माय गेली, रविवारी तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाय. मोठा करून द्या. समद्यायला दिसली पायजे ती."

फोटो ओल लागून काचेला चिकटला होता. निशाने तो काचेसकट स्कॅन केला. नंतर राजेंद्रभाऊ नवी फ्रेम बसवायला म्हणून तो हलक्या हाताने सोडवू लागले, तर चेहऱ्याचा पापुद्रा काचेलाच राहिला. स्कॅन तर झालाय, असे म्हणून त्यांनी काच पुसून टाकली. इकडे निशाने बटण दाबले होते. मॅक्रोने माझ्याकडून लग्नसराईचे आकडे उचलले आणि तयार फोटो त्या स्कॅनच्या जागी साठवला.

शुक्रवारी सरूबाई फोटो न्यायला आल्या. तो हातात घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"ही कोण हाय?"

"मावशी, तुमचीच आई."

"नाय. माझी माय काळी व्हती. पैठण रोडला उन्हातान्हात खडी फोडली तिनं. आन् तिचं गोंदण कुठं गेलं? कपाळाला व्हतं ना!"

निशाने फोटोतले कपाळ पाहिले. माझ्या आकड्यांच्या हिशेबी गोंदण म्हणजे डागच. तो पुसला गेला होता. किती महिन्यांनी निशाने मला उघडले! उजळपणाचा आकडा वाचून तिने फोटो तेवढाच गडद केला, आणि आवडाबाईंचा रंग बराचसा परत आला. गोंदण मात्र आले नाही. किती पुसायचे ते माझ्याकडे लिहिलेले होते. काय पुसले, ते मला कोठून ठाऊक असणार?

निशा माऊस घेऊन ठिपके काढू लागली. "असं होतं का, मावशी?"

"जरा खाली... नाय, वर." सरूबाईंनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "ताई, मलाबी नीट आठवंना. रोज बघायची ना फोटोत, म्हणून कधी ध्यानात ठेवलंच नाय." आणि त्या रडू लागल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "खोटं गोंदण नको. तशीच द्या तिला."

रविवारी राजेंद्रभाऊ स्वतः कार्यक्रमाला गेले. वंदना झाल्यावर सरूबाई जुन्या माणसांजवळ जाऊन एकेकाला विचारत होत्या, "मायचं गोंदण कसं व्हतं?" कोणी तीन ठिपके सांगितले, कोणी चंद्रकोर, तर कोणी तुळस. सोमवारी भाऊंनी हे निशाला सांगितले. त्या दिवशी ती चौकट परत आली. आता मूळ फोटो वेगळा राहतो, आणि लग्नाचे आकडे व जुन्या फोटोंचे आकडे माझ्याजवळ वेगवेगळ्या नावांनी राहतात.

मित्रांनो, आम्हाला एकदा सांगितलेले आम्ही विसरत नाही, म्हणूनच आमच्यावर डोळे मिटून विसंबू नका. बटण दाबण्याआधी समोरचा चेहरा नीट बघा. घरातल्या जुन्या फोटोची एक प्रत जशीच्या तशी जपून ठेवा. आवडाबाईंच्या कपाळावर काय गोंदले होते, हे आता खात्रीने सांगणारे कोणीही उरलेले नाही.