दोन ब्रेकची मोटार

मित्रांनो, मोटारींच्या या संग्रहालयात शिरलात की तुम्ही आधी शर्यतीच्या लाल गाडीकडे धावता. धावा बापडे. तिच्या पलीकडे जी राखाडी, बुटकी, जुनी मोटार दिसते ना, ती मी. इथं माझ्यासारखी दुसरी कुणी नाही, कारण मला ब्रेक दोन आहेत. एक चालवणाऱ्याचा, एक शिकवणाऱ्याचा.

कारखान्यातून मी एकाच ब्रेकची निघाले होते. गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी मला घेतलं आणि शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसवून घेतला. मग गावभरचे लोक माझ्यावर हात बसवू लागले. कुणी मला कुंपणात घातलं, कुणी गटारात. पण शिकून गेलेले लोक रस्त्यात भेटले की मास्तरांच्या आधी मलाच सलाम ठोकायचे.

एकदा एक शिंपीणबाई शिकायला आल्या. वय चाळिशीपुढचं. सपाट रस्त्यावर झकास चालवायच्या, पण चढावर थांबून पुन्हा गाडी उचलायची म्हटलं की त्यांचा क्लच-ब्रेकचा मेळ चुकायचा. मी मागे घरंगळायचे आणि मास्तर आपला ब्रेक दाबायचे.

"मास्तर, हे काही मला जमायचं नाही."

"जमेल हो ताई. मी बसलोय ना इथं."

एका दुपारी मास्तर बोलता बोलता गप्प झाले. कपाळावर घाम, हात छातीवर. "ताई, गाडी बाजूला घ्या," एवढंच पुटपुटले.

"बाजूला घेऊन काय करू? इथं चिटपाखरूही नाही. इस्पितळातच जाऊ."

इस्पितळ टेकडीवर होतं. नेमका अर्ध्या चढावर एक मालट्रक आडवा वळत होता, म्हणून थांबावं लागलं. मागे गाड्यांची रांग लागली. मास्तरांची मान कलली होती आणि पाय ब्रेकवरून केव्हाच घसरला होता. बाईंनी एक श्वास घेतला आणि क्लच हळूहळू सोडला. मी थरथरले, तसूभर मागे सरकले आणि मग सगळा जोर लावून वर निघाले.

मास्तर वाचले. बरे झाल्यावर बाईंना म्हणाले, "आता शिकवायला तुम्हीच बसा. मी मागच्या सीटवर बसून ऐकतो."

बाईंनी कित्येक वर्षं शिकवलं. पुढे नव्या गाड्या आल्या. मी ताडपत्रीखाली गेले आणि उंदरांनी माझी गादी कुरतडली. मास्तर वारल्यावर त्यांच्या मुलीनं मला इथं दिलं. इथं रंग मिळाला, रोज पुसणं सुरू झालं. इंजिन मात्र मुकंच राहिलं.

मागच्या पावसाळ्यानंतर बाई नातीसोबत मला बघायला आल्या. केस पांढरे, चालताना धाप लागत होती. त्यांनी रखवालदाराला विचारलं, "हिला चालू कधी करता?"

"आजी, इथं गाड्या फक्त बघायच्या असतात."

"नुसती उभी ठेवलीत तर आतून गंजेल हो ती."

रखवालदार व्यवस्थापकांना घेऊन आला. त्यांनी सगळं ऐकलं आणि मेकॅनिक बोलावला. मला ढकलत अंगणात नेलं, नवी बॅटरी लावली. बाई चालवणाऱ्याच्या सीटवर बसल्या. आधी मी नुसती खोकले. मग काळा धूर सोडला. आणि मग अशी धडधडले की आतली माणसं बाहेर आली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना नुसतं पुसत बसू नका. अधूनमधून त्यांना त्यांचं काम करू द्या. शनिवारी सकाळी या, तेव्हा मी अंगणात चालू असते. जवळ येऊन माझ्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागेल.