मी गप्प राहतो तेव्हा

दुकानात वस्तू घेताना ‘टीं’ असा आवाज तुम्ही ऐकला आहे ना, मित्रांनो? त्याच आवाजाच्या कुळातला मी एक जुना स्कॅनर आहे. माझ्या मुठीचा रंग उडाला आहे, वायरीला चिकटपट्टी गुंडाळली आहे. पण नजर अजून प्रामाणिक आहे.

एका स्वच्छ, पांढऱ्या दालनात माझ्या डोळ्यात तांबडा प्रकाश बसवला गेला आणि काळ्या-पांढऱ्या रेघा वाचण्याचे शिक्षण मला मिळाले. पुढे मी लहान मुलांच्या तापाचे औषध बनवणाऱ्या कारखान्यात आलो. तिथे प्रत्येक खोक्यावर त्याचा स्वतःचा क्रमांक सांगणारे लेबल असे. मी ते वाचले, की कोणत्या खेपेचे औषध कोणत्या खोक्यात भरले आणि तो कुठे गेला, याची संगणकात नोंद होई. पॅकिंग करणाऱ्या मावशी कौतुकाने म्हणत, "आमचा हा पोरगा एका नजरेत ओळखतो बघा!"

मग लेबले छापणाऱ्या यंत्राची निगा राखणे सुटले. रेघा तुटक येऊ लागल्या, लेबले खोक्याच्या कडेवर दुमडून बसू लागली आणि मी गप्प राहू लागलो. दोष मात्र माझ्याच माथी आला. तिथल्या मुकादमांना सगळे घाईमामा म्हणत. ते मला टेबलावर आपटून विचारत, "आंधळा झालास का रे?" शेवटी त्यांनी एक सुबक छापलेले लेबल टेबलाच्या कोपऱ्यावर चिकटवून ठेवले. एखादा खोका वाचता आला नाही, की ते माझे तोंड त्या लेबलाकडे वळवत. टीं! चला, खोका पुढे. संगणकात मात्र त्या कोपऱ्यावरच्या लेबलाचाच क्रमांक पुन्हा नोंदला जाई.

अशातच नियम कडक झाले. आमचे औषध घेणाऱ्या मोठ्या रुग्णालयाने कळवले, की ज्याचे लेबल नीट वाचता येत नाही किंवा ज्याचा माग लागत नाही, असा एकही खोका यापुढे घेणार नाही. रुग्णालय हातचे गेले असते, तर पॅकिंगचा विभागच बंद पडला असता. मालकांनी मदतीसाठी एक तज्ज्ञ बाई बोलावल्या.

बाईंनी गाडीत चढलेला एक खोका उतरवून घेतला आणि त्याचा क्रमांक संगणकात घातला.

"मामा, हा खोका तुमच्याकडे भरलाच नाही म्हणे."

"असं कसं? माझ्या डोळ्यांदेखत भरलाय!"

"आणि हा दुसरा बघा, सकाळपासून सारखा बाहेर पडतोय. परत कधी येतो हो?"

मावशींना हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. "उद्या एखादी खेप बिघडली, तर कोणते खोके परत मागवाल?"

मावशींचे हसू मावळले. "माझा नातू हेच औषध घेतो हो," त्या हळूच म्हणाल्या.

मामांनी टेबलावरचे ते लेबल नखाने खरवडून काढले आणि गाडी रिकामी करायला सांगितली.

बाईंनी छपाईला गुण देणारे एक यंत्र आणले होते. त्याने आमच्या लेबलांना काठावरही पास केले नव्हते. आता छपाईयंत्राचा रेघा उमटवणारा भाग रोज मऊ कापडाने पुसला जाऊ लागला, लेबल सपाट बाजूवर बसू लागले आणि गुण सुधारले. तेव्हा मालक म्हणाले, "हे जुनं डबडं आता फेकून द्या. नवा स्कॅनर मागवलाय."

"नवा आणा, पण यालाही राहू द्या," बाई म्हणाल्या. "नवा स्कॅनर तुटक रेघाही सांभाळून घेतो. रुग्णालयातले सगळेच तसे नसतात. याला वाचता आलं, म्हणजे कोणालाही येईल."

रुग्णालयाचे तपासनीस आले त्या दिवशी मामांनी मला स्वतः हातात घेतले. टीं, टीं, टीं... आणि एका खोक्यापाशी मी अडलो. मामांचा हात सवयीने टेबलाच्या कोपऱ्याकडे वळला. तिथे डिंकाचा डाग तेवढा उरला होता.

"काम थांबवा!" मामा म्हणाले. त्यांनी छपाईयंत्र उघडून धुळीचा कण पुसला आणि नवे लेबल छापून लावले. टीं!

"असं थांबत बसलात, तर गाडीला उशीर होईल," तपासनीस म्हणाले.

"होऊ द्या साहेब. हा गप्प बसला, की आम्ही थांबतो."

तपासनीसांनी हसून मान डोलावली. "मग आमचे खोके इथूनच येऊ द्या."

मित्रांनो, माझी काच पुसत जा, वायर ओढू नका, एवढे तर मी मागेनच. पण माझे ‘टीं’ जसे आवडीने ऐकता, तसे माझे गप्प राहणेही ऐका. मला आपटू नका. समोरच्या खोक्याकडे नीट पाहा. तो कुणाच्या तरी घरी, तापलेल्या बाळाच्या उशाशी जाणार आहे.