उशिराचं कारण

"उशिराचं कारण काय लिहू?" वकीलबाई ऋजुता यांनी पुन्हा विचारलं आणि दर्शनाचं डोकं सणकलं. कारण तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसलं होतं, टोपी मांडीवर ठेवून, भिंतीकडे बघत.

हातखंब्याच्या उतारावर ट्रेलरखाली तिचा नवरा विनीत गेला. अपघात-भरपाईच्या ट्रिब्युनलने निकाल दिला, चूक विनीतचीच, तोच चुकीच्या बाजूने आला. ट्रेलरवाल्याने तशी शपथ घेतली होती. भरपाई गेली चुलीत. पण विनीतच्या नावावरचा हा डाग दर्शनाला सोसवेना. उद्या शाळेत कुणी मनस्वीला म्हणालं, तुझा बाप स्वतःच्याच चुकीने मेला, तर पोरीने काय उत्तर द्यायचं? हायकोर्टात अपील करायचं, हे तिने निकालाच्या दिवशीच ठरवलं होतं.

पण सासरे काशीराम अडून बसले. "गावदेवीचा कौल घेतल्याबिगर सही नाय." गुरव देवीला ओल्या पाकळ्या लावणार, उजवीकडची आधी पडली की होकार. बरं, घ्या म्हणावं, एका सकाळचं तर काम. छे! कधी डावी पडली, कधी एकही पडेना, मग भावकीत सुतक, मग देवी पालखीत बसून घरोघर. दर सोमवारी म्हातारा एकटाच देवळात जाऊन यायचा आणि दारातूनच मान हलवायचा. थोरल्यांच्या आधी सुनेने सही करायची घरात पद्धत नाही, म्हणून ही दात-ओठ खात थांबलेली. मुदत कधीच उलटली. आणि काल अचानक म्हातारा म्हणतो, चल रत्नागिरीला!

"कौल मिळाला नाही म्हणून थांबलो, हे कोर्टाला पटायचं नाही," वकीलबाई म्हणाल्या. "दर्शना, तू आजारी होतीस असं लिहू. डॉक्टरांचा दाखला मिळेल. शपथेवर सही केलीस की उशीर माफ व्हायची आशा आहे."

"तसंच लिहा," दर्शना म्हणाली.

"शपथेवर?" काशीरामांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मग नाय जमायचा. तो ट्रेलरवाला शपथेवर खोटा बोललान, म्हणून तर आपण वर चाललाव ना?"

दर्शनाचा तोल सुटला. "आत्ता सुचतंय तुम्हाला खरंखोटं? मग घाला देवीचं नाव! लिहा, देवीने अडवलं!"

"देवीला नको बोल लावू, बाय." म्हातारा टोपीकडे बघत म्हणाला. "तिनं पयल्याच सोमवारी उजवा दिलान."

दर्शना बघतच राहिली. "मग?"

"वरच्या कोर्टानं पण हाच सांगितला तर? माज्या पोराचीच चूक? एकदा ऐकला, परत नाय ऐकवायचा मना. अपील केला नाय तवर वाटायचा, अजून काय पक्का झालेला नाय. काल मातर तुजा तोंड बघवला नाय."

दर्शनाला ओरडावंसं वाटलं. दर सोमवारी ही उंबऱ्यात वाट बघत उभी राहायची, मनातल्या मनात देवीला शिव्या घालायची. "आणि मला गोड लागला होता तो निकाल ऐकायला?" एवढंच तिच्या तोंडून निघालं. तिला म्हाताऱ्याची दया आली, आणि दया आली म्हणून जास्तच राग आला.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "दर्शना, नीट विचार कर. भीती वाटली म्हणून उशीर झाला, हे कोर्ट बहुधा मान्य करणार नाही. अर्ज फेटाळला तर अपील ऐकलंच जाणार नाही. विनीतवरचा ठपका कायम राहील."

आजारपणाचा दाखला एका फोनवर मिळत होता. दर्शनाने विनीतचा विचार केला, मग त्या शपथ घेणाऱ्या ट्रेलरवाल्याचा.

"आबा बोलले तेच लिहा," ती म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. "पण हायकोर्टात तुम्ही येणार आबा. कोर्ट काय म्हणेल ते माझ्या शेजारी उभं राहून ऐकायचं. सगळं."

काशीरामांनी हो म्हणायला फार वेळ लावला.