हसन पिंजाऱ्याचा हंडा

आश्विन सरता सरता धारूरच्या डोंगरावरून पिकत्या सीताफळांचा गोड, ओलसर गंध उतरतो आणि त्या गंधामागून फळांची पाटी घेऊन राबियाबी येते. मुलांनो, ते फळ दाबून पाहायचं नसतं. राबियाबी नुसता तळवा टेकवते, नाडी पाहिल्यासारखा, आणि उद्याचं कोणतं, परवाचं कोणतं ते वेगळं करते. चाळीस वर्षं ती आमच्या ओसरीवर बसून माझ्या तांब्याच्या हंड्यात फळं रचत आली. भांड्यांवर नावं घालायची आपली रीत. या हंड्याच्या गळ्यावर माझ्या वडिलांचं, म्हणजे तुमच्या पणजोबांचं, नाव आहे.

यंदा भांड्यांची यादी करताना मला काठाखाली झिजलेली उर्दू अक्षरं दिसली. काय लिहिलंय, असं मी तिला विचारलं. तिने मान वर केली नाही. अंगठा मात्र नेमका त्या अक्षरांवर गेला.

"हसन पिंजारी. माझे अब्बा."

निजामाचं राज्य गेलं त्या भाद्रपदात गावातल्याच लोकांनी त्यांना मारलं, घर लुटलं. तिची आई ज्वारीच्या शेतात लपली. राबियाबी तिच्या पोटात होती. माझ्या वडिलांनी हात उगारला की नाही, मला ठाऊक नाही. हंडा त्यांनी घरी आणला आणि त्यावर आपलं नाव घातलं, एवढं तांबं सांगतं.

इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"तुमी कवा इचारलं, बाई?"

तुमचा बाबा फोनवर म्हणाला, रझाकारांनी आपल्या लोकांना कमी छळलं का. जुनं उकरू नकोस, हंडा गुपचूप देऊन टाक. छळलं, हे खरंच आहे. पण हसन लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजत होता. आणि गुपचूप तर राबियाबीच नेणार नव्हती.

"चोरून आला, चोरून जायाचा न्हाई."

म्हणून बाजाराच्या दिवशी, भर उन्हात, मी हंडा कडेवर घेऊन चौकात गेले आणि तो कोणाचा, कोणी नेला, ते नावं घेऊन मोठ्याने सांगितलं. काही माना खाली गेल्या. म्हातारीचं डोकं फिरलं, असं कोणी म्हणालं. मी पुन्हा एकदा सांगितलं. राबियाबीने हंडा डोक्यावर घेतला आणि ती उतार उतरून जाईपर्यंत तांब्यावरचं ऊन हलत राहिलं.

फळीवर त्याची गोल खूण उरली आहे. मी ती पुसत नाही, तिथे दुसरं भांडं ठेवत नाही. तुम्ही याल तेव्हा इथे काय होतं ते विचारा. न विचारलेल्या वर्षांनीच तो हंडा इतका काळ आमचा ठेवला होता.