आर्डिसचा कोपरा

ऑर्व्हल ट्वेटनच्या विमानाची डावी टाकी गळत होती. नेमकी कुठून, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरीही तीन आठवडे तो गळती शोधत होता.

विमानाचं पेट्रोल निळं असतं. थेंबभर पाझरून उडून गेलं तरी निळा डाग मागे राहतो. हा डाग पंखाच्या खालच्या बाजूला होता, टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, अगदी विमानाच्या अंगाला लागून. विमान ऑर्व्हलने घरीच बांधलं होतं, आणि अशा विमानात पंखाचा पुढचा भागच टाकी असतो, सोडवता येणारा. पत्रे रिव्हेट मारून जोडायचे आणि प्रत्येक सांध्याला आतून सीलंट फासायचा. हा सीलंट म्हणजे दोन डब्यांतला माल कालवून केलेला काळा लगदा. त्याला नासक्या अंड्यांचा वास येतो, आणि एकदा हाताला लागला की साबण हात टेकतो.

अख्खी टाकी ऑर्व्हलने फासली होती, तो एक कोपरा सोडून. टाकीच्या टोकाला चहाच्या बशीहून लहान, हात घालायचं एक भोक होतं. त्यातूनच त्या कोपऱ्यापर्यंत पोचता येत होतं आणि ऑर्व्हलचा पंजा अंगठ्यापाशी अडकत होता. त्याची बायको आर्डिस जेवणाचा डबा द्यायला आली होती. तिने डबा खाली ठेवला, अंगठी काढली, हात आत घातला आणि कोपरा फासून दिला. या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती.

तेव्हापासून चर्चमध्ये कॉफी घेताना ती सगळ्यांना सांगायची, "त्या टाकीत माझ्या हातचं काम आहे. म्हणून मी जमिनीवरच बरी." लोक हसायचे. ती हसायची नाही. ऑर्व्हलने विमान दोन आसनांचं बांधलं होतं. एकट्यालाच उडायचं असतं तर त्याला एक आसन पुरलं असतं. बायको शेजारी बसावी एवढीच त्या माणसाची इच्छा होती, आणि तिचाच कोपरा गळतोय हे कळलं असतं तर ती जन्मात बसली नसती. म्हणून त्याने घरी सांगितलं की पेट्रोल भरायच्या तोंडाचं झाकण गळतंय.

शनिवारी शेजारच्या हँगरमधला, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमधला, एल्डन स्कार मदतीला आला. आपल्याला विचारल्याशिवाय मिनेसोटात एकही टाकी बुजवली जाऊ नये, असं एल्डनचं मत होतं. दोघांनी टाकी रिकामी केली, तिची सगळी तोंडं बंद केली आणि हवेच्या नळीवर नातीच्या वाढदिवसातला उरलेला फुगा चढवला. थोडी हवा भरली; फुगा मलूल पडला तर टाकी गळतेय. मग ऑर्व्हल ब्रशने सांध्यांना साबणाचं पाणी लावत सुटला. एल्डन कॉफी पीत बघत होता.

"तो कोपरा राहिला," एल्डन म्हणाला.

"बघतो नंतर."

"अरे, डाग इथे आहे आणि साबण तिकडे कसला लावतोयस?"

"झाकण गळतंय ते."

"झाकण पंखाच्या वर असतं, ऑर्व्हल."

"हो."

"डाग खाली आहे."

"हो."

"मग हा कोपरा फासला तरी कुणी..." एल्डन थांबला. त्याच्या लग्नालाही चाळीस वर्षं होत आली होती. "झाकणच असणार," तो म्हणाला.

तेवढ्यात आर्डिस हॉटडिशचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या खिमा-बटाट्याचं, गरम भांडं घेऊन आत आली. तिने मलूल झालेला फुगा पाहिला. भांडं ठेवलं, नवऱ्याच्या हातातला ब्रश घेतला आणि सरळ आपल्या कोपऱ्याला साबण लावला. तिथे बुडबुडे आले, चांगले भरघोस.

आपण गॅसवर काहीतरी ठेवून आलोय, हे एल्डनला आठवलं आणि तो निघून गेला. त्याच्या हँगरमध्ये गॅस नव्हता.

"तुझे शर्ट मी धुते," आर्डिस म्हणाली. "पंखावरचं झाकण पुसणाऱ्याच्या बाहीत निळे ओघळ येत नाहीत. सांगितलं का नाहीस?"

"तू बसली नसतीस."

"आता बसणार आहे असं कोण म्हणालं?"

ऑर्व्हलला फार वाईट वाटलं. त्याने तिच्या हातातला ब्रश घेऊन बादलीत टाकला आणि हॉटडिश कोमट आहे का ते बघितलं.

"जेव आणि मग ते भोक उघड," आर्डिस म्हणाली. "माझा कोपरा मीच नीट करणार."

त्याने आधी टाकी पंखातून सोडवली आणि भोक उघडलं. तिची अंगठी निघेना. गळती शोधायच्या साबणानेच ती कशीबशी निघाली. मग तिने हात आत घातला. बोटं गेली, पण सांधे अडले. संधिवाताने सुजलेले ते सांधे तिने आडवे करून पाहिले, तिरके करून पाहिले. मग हात बाहेर काढला.

"भोक लहान झालंय," ती म्हणाली.

"पत्रा आकसतो," ऑर्व्हल म्हणाला. 

मग त्याने टाकीच्या मागच्या भिंतीला नवं भोक पाडायला घेतलं. त्याने आखलेली रेघ आर्डिसने पुसली आणि मोठी आखली. "दोघांचे हात जाऊ देत," ती म्हणाली. जुना सीलंट खरवडून झाल्यावर त्याने नवा फासला आणि तिने बोटाने दाबून बसवला. "डावीकडे. तुझ्या नाही, माझ्या डावीकडे," असं दुपारभर चाललं. भोकावर पत्रा बसवला, सीलंट सुकायला आठवडाभर दिला. मग पुन्हा फुगा चढवला. दुसऱ्या दिवशीही तो ताठ होता; एल्डनलाही त्यात काही दोष काढता आला नाही.

टाकी भरली. पंख कोरडा राहिला. ऑर्व्हलने दोनदा एकट्याने उडून पाहिलं आणि पुढच्या रविवारी शेजारच्या आसनावर उशी ठेवली. आर्डिस बराच वेळ पंखाजवळ उभी राहिली. मग चढली आणि बसली. तिने नाक वर केलं.

"वास येतोय."

ऑर्व्हलने आपला पट्टा सोडला. तो उतरायला लागला.

आर्डिसने आपला तळवा हुंगला. मग त्याचा हात ओढून घेतला आणि तोही हुंगला.

"सीलंटचा आहे, हातांना. दोघांच्याही," ती म्हणाली आणि पट्टा बांधला. "हा आता काही जायचा नाही. चल, दार लाव."