बिनलोखंडी घर

"वादळ फक्त तुमच्याच घरी येतं का हो?" साहेबांनी फोनवर विचारलं. हसावं की घाबरावं, निरीक्षकाला कळेना.

सूर्य बिथरला की पृथ्वीच्या चुंबकत्वाला हिसके बसतात. ते हिसके नोंदवायचे आणि आकडे मुख्य कार्यालयाला कळवायचे, हे त्याचं काम. त्यावरून कार्यालय उद्याचा अंदाज सांगे: शांत, अस्वस्थ की वादळ. गेले चार दिवस दुपारी दोनला त्याच्या नोंदीची रेघ उडी घेई आणि पाचला खाली येई. दुसऱ्या कुठल्याच ठाण्यावर तसं काही नव्हतं. साहेबांना संध्याकाळपर्यंत कारण हवं होतं.

कारण त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सूर्याचं वादळ चढतं, थरथरतं, दमतं, मग निवतं. ही उडी पाटाच्या कडेसारखी सरळ होती. आणि सूर्य काही घड्याळ बघून कामावर येत नाही. कुणीतरी जवळ लोखंड सरकवत होतं, आणि मोजणीची उपकरणं ठेवलेल्या वेधकुटीपासून वीस पावलांवर एकच घर होतं. त्याचं.

सव्वीस वर्षं त्या घरात लोखंडाला मज्जाव होता. बिजागऱ्या पितळेच्या, खिळे तांब्याचे, सायकल फाटकाबाहेर. पाहुण्यांना आधी किल्ल्या आणि पट्टे काढून ठेवावे लागत. मेहुणा म्हणायचा, तुरुंगात भेटीला आल्यासारखं वाटतं, फक्त कैदी कोण ते कळत नाही. बायको शिंप्याची लेक. वडिलांनी लग्नात दिलेलं शिवणयंत्र तिने पहिल्याच आठवड्यात परत पाठवलं होतं. दोन-तीन वर्षांत बदली मागतो, असं तो तेव्हा म्हणाला होता. देव बोललेलं ऐकतो म्हणतात. बायको तर ऐकतेच, आणि लक्षातही ठेवते.

दोनला तो घरी गेला. ती खिडकीशी यंत्रावर बसली होती, पुढ्यात पांढऱ्या कापडाचा ढीग.

"अगं," तो म्हणाला आणि थांबला.

"एवढी बाही संपवू द्या," ती मान वर न करता म्हणाली. "मग बोला."

तो बसला. चाक फिरत होतं. नामात रंगलेल्या माणसासारखी तिची मान डुलत होती. तिचा हा चेहरा सव्वीस वर्षांत त्याने पाहिला नव्हता, आणि देवाने तो दाखवला तो असा, मोडायच्या दिवशी.

दोरा तोडून तिने सगळं सांगितलं. तो कामासाठी शहरात गेला होता त्या दिवशी भावाने यंत्र मागच्या वाटेने आणून दिलं. दवाखान्याचे चाळीस सदरे शिवायचे होते. काम झालं की यंत्र वेधकुटीपासून लांब, पलीकडच्या खोलीत नेऊन ठेवायची.

"मला वाटलं, एवढ्या मोठ्या सूर्यापुढे माझं एवढंसं यंत्र कुठे दिसणार."

"सूर्याच्या आधी तेच दिसतं," तो म्हणाला.

मग त्यानेही सांगितलं. उपकरणात दोष, असं लिहून आजचं भागेल. पण उद्या खरं वादळ त्या उडीत लपून आलं तर इशारा जाणार नाही आणि कितीतरी घरांतली वीज जाईल. नोकरीला चार वर्षं उरली होती, आणि घर नोकरीचं होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग यंत्रावर झाकण घातलं.

"उचला तिकडून," ती म्हणाली.

दोघांनी दोन बाजूंनी धरून ते फाटकाबाहेरच्या चौकीदाराच्या बायकोकडे नेलं. अर्धे सदरेही तिलाच दिले. परतताना तो म्हणाला की तिथे जाऊन शिवता येईल. ती म्हणाली, लोकांच्या घरी कोपरा मागायचं वय गेलं माझं.

अंगणात आल्यावर तिने बाहीत टोचलेली सुई काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही राहिली."

"अगं, सुई नाही दिसत तिथून. सुईला कोण..."

"असू दे. लोखंडच ना."

ती आत गेली. मूठ मिटावी तर टोचेल, हात कलता करावा तर मातीत हरवेल. तळवा पुढे धरून तो तसाच उभा राहिला, कुणी त्यात काही वाढेल अशी वाट बघणाऱ्यासारखा.