वल्कलनाथांचा पट्टा

झाडाचा आत्मा सालीत राहतो आणि भस्माच्या बळावर तो सालीवाचूनही जगतो, हे वल्कलनाथ महाराजांनी शलोटी गावात एका वर्षात निर्विवाद सिद्ध केले. त्यासाठी त्यांना एक चाकू, मूठभर राख आणि विश्रामगृहाचे आवार एवढेच लागले. झाड मात्र त्यांनी स्वतः निवडले होते.

मार्च संपत आला होता. रविवारी दुपारी विश्रामगृहाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध ते उंच, केसाळ बुंध्याचे, शेंड्याला पंख्यांसारखी पाने असलेले झाड उभे होते. कुण्या जुन्या साहेबाने हौसेने लावलेले, म्हणून गाव त्याला साहेबाचे झाड म्हणत असे. बुंध्याला छातीच्या उंचीवर भगवे फडके बांधलेले होते. वर्षापूर्वी महाराजांनी तिथला केसाळपणा भादरून चाकूने दोन बोटे रुंदीचा पट्टा गोल सोलला, राख फासली आणि फडके बांधले. त्याच दिवशी शेजारच्या रानटी नासपतीलाही तसाच पट्टा मारला, पण राख लावली नाही. नासपती आता काठीसारखी वाळली होती. साहेबाचे झाड हिरवेगार होते.

आणि पट्टा म्हणजे मरण, हे शलोटीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. नको असलेले झाड इथे असेच मारतात. यंदा ते काम उंदरांनी केले होते. हिवाळाभर बर्फाच्या आडोशाने त्यांनी सफरचंदांच्या साली कुरतडल्या, आणि बर्फ उतरल्यावर बागाबागांतून घोट्याच्या उंचीवर पांढरे पट्टे दिसू लागले. सुखानंद बाऊजींच्या साठ झाडांपैकी एकेचाळीस झाडांवर.

"फडकं सोडा," महाराज म्हणाले. फडके सुटले. खाली सोललेला पट्टा, वर हिरवी पाने. गर्दीतून हुंकार उठला.

"देहाची साल गेली तरी ज्याचा विश्वास सोलला जात नाही, त्याचं झाड वाळत नाही," महाराजांनी सुनावले. "भस्म न्या, बुंध्याला लावा. देवतेच्या नावानं शब्द द्या, चाळीस दिवस बागेत लोखंड नेणार नाही. हंगामात झाडामागे एक पेटी द्या. मला फळांचा मोह नाही. पेट्यांमधून तुमचा भाव मोजतो."

रांग लागली. बाऊजी रांगेत अकरावे होते.

त्यांची सून देवकला शाळेत विज्ञान शिकवायची. ती रांगेच्या कडेने चालत होती, थांबत होती, पुन्हा चालत होती. गोठ्यामागच्या सावलीत तिने हिवाळी छाटणीच्या काड्या बर्फात पुरून ठेवल्या होत्या. तो बर्फ काल वीतभर उरला होता आणि काड्यांवरचे डोळे फुगायला लागले होते. कुरतडलेल्या पट्ट्याच्या वर आणि खाली खाच पाडायची, पाच-सहा काड्या दोन्ही टोकांनी सालीखाली बसवायच्या, वर मेण लावायचे. तुटलेला रस्ता काड्यांच्या पुलावरून पुन्हा सुरू होतो. पण काड्या झोपेत असाव्या लागतात आणि झाडाची साल नुकती सुटायला लागलेली. असे दिवस वर्षाला पंधरा-वीस मिळतात. चाळीस दिवस कुठलीच काडी थांबत नाही.

"बाऊजी, शब्द देऊ नका."

"बहू, ही झाडं मी पाठीवर पाणी वाहून जगवली. तू त्यांच्या अंगात अजून चाकू घालणार. महाराज राख लावणार. तूच सांग, मी कुणाचं ऐकू?"

"नासपती मेली, हे मेलं नाही, एवढंच आपण पाहिलंय. दोघं एका जातीची आहेत का, ते कुणी पाहिलं?"

"झाड ते झाड."

बाऊजी आता सातवे होते. देवकलेने पुढे पाहिले. महाराज एका गोल ओंडक्यावर बसले होते.

"बेलीरामभाऊ," तिने विश्रामगृहाच्या चौकीदाराला विचारले, "हे आसन कसलं?"

"साहेबाचं झाडच की. जोडी होती. एक विजेच्या तारांसाठी पाडलं, त्याचा तुकडा. चांगला हलका आहे, म्हणून दिला बसायला."

देवकला थेट महाराजांसमोर जाऊन उभी राहिली. "महाराज, क्षणभर उठता का? बाऊजींना त्या लाकडाचं वय बघायचंय."

बाऊजींना असे काही बघायचे नव्हते. पण ओंडका दिसला की आतले गोल मोजून वय सांगायचे ही त्यांची जन्माची खोड. पडलेल्या देवदारावर पैज लागली की आठ मैलांवरून त्यांना बोलावणे यायचे. गर्दीतून कुणीतरी म्हणाले, "सांगा बाऊजी, महाराज किती वर्षांवर बसलेत ते." महाराजांना उठणे भाग पडले.

बाऊजी गुडघ्यावर बसले, चष्मा पुसला, बोट मध्यावर ठेवले. बोट बाहेर सरकले, परत आत आले.

"गोल नाहीत."

"नीट बघा."

"बघतोय. एकही गोल नाही. नुसते ठिपके. जाड दोरखंड आडवा कापावा तसे. आतपासून काठापर्यंत." त्यांनी काठ नखाने खरवडला. "आणि ह्याला सालच नाही."

"मक्याचं ताट आडवं कापलं की काय दिसतं, बाऊजी?"

त्यांनी वर पाहिले. "हेच."

"देवदार, सफरचंद, नासपती दर वर्षी सालीखाली एक थर चढवतात. म्हणून जाड होतात, म्हणून गोल मोजता येतात. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं. पट्टा मारला की मुळं उपाशी मरतात. मक्यात, बांबूत, ह्या साहेबाच्या झाडात पाण्याच्या आणि अन्नाच्या नळ्यांच्या जुड्या खोडभर पसरलेल्या. काठावरच्या थोड्या कापल्या तर आतल्या काम करतात. गावानं वर्षभर मक्याच्या भावकीला हात जोडले."

मागे कुणीतरी खुदकन हसले.

"मुलगी शिकलेली आहे," महाराज शांतपणे म्हणाले. "शिकलेल्यांना खोड दिसतं, कृपा दिसत नाही."

"मग कृपा सफरचंदावर दाखवा. एक धडधाकट झाड घ्या, पट्टा मारा, राख लावा."

महाराजांनी हात उंचावला. "भक्तानं झाड द्यावं. माझी ना नाही."

सगळ्यांनी लच्छूकाकांकडे पाहिले. महाराज वर्षभर त्यांच्याच घरी उतरत होते, तूप लावलेल्या वाफवलेल्या रोट्या, सिड्डू, खात होते. काकांच्या बागेत उंदीर लागले नव्हते, आणि तीही महाराजांचीच कृपा होती.

"माझं झाड कशाला?" लच्छूकाका म्हणाले.

"अहो, वाळणार नाही ना ते," रांगेतला एकजण म्हणाला.

"वाळणार नाहीच. पण फळावर आलंय."

रांगेतली चार माणसे बाजूला झाली. बाऊजी मात्र जागचे हलले नाहीत. महाराजांना ते दिसले.

"बाबा, तुम्ही जाणते," ते बाऊजींना म्हणाले. "खोड कसंही असो. राखेवाचून हे जगलं असतं, हे कुणी पाहिलंय? हिला म्हणावं पट्टा मार आणि राख न लावता वर्ष काढून दाखव. वर्षानं बोलू."

देवकलेजवळ वर्ष नव्हते, वीतभर बर्फ होता.

"वर्ष कशाला?" बेलीराम म्हणाला.

तो झाडापाशी गेला, खाली बसला आणि बुंध्याचे राठ केस मेंढीची लोकर विंचरावी तसे वर उचलले. महाराजांच्या पट्ट्याच्या हातभर खाली दुसरा पट्टा होता. गोल, जुना, गुळगुळीत, बोट आत जाईल एवढा खोल.

"माझ्या खेचराचा," तो म्हणाला. "सहा वर्षं इथंच बांधायचो. भोवती फिरून फिरून साखळीनं पाडला."

"मग तू काय लावलंस त्याला?" बाऊजींनी विचारले.

"झाडाला?" बेलीराम गोंधळला. "झाडाला काय लावायचं? खेचराच्या पायाला तेल लावलं."

"आणि हे इतके दिवस बोलला नाहीस?"

"मला कुणी विचारलं? फडकं बांधा म्हणाले, बांधलं."

बाऊजी बराच वेळ दोन्ही पट्टे पाहत राहिले. एकदा त्यांनी खालच्या खाचेत बोट घालून बुंध्याला पूर्ण फेरी मारली. मग टोपी सारखी करून ते रांगेतून बाहेर पडले.

"महाराज," ते जाताना म्हणाले, "चुकलात म्हणत नाही. पण माणसाला औषध देताना त्याच्या जागी बांबू उभा करून दाखवू नये."

घरचा रस्ता चढाचा होता. देवकलेला पळावेसे वाटत होते. बाऊजी आपल्याच चालीने चालले.

"जगलं ते आणि मेलं ते, दोन्ही झाडं डोळ्यांनी पाहिली मी," ते म्हणाले. "खोटं नव्हतं त्यात काही."

"खोटं नव्हतंच. ज्याला पट्टा पडला, राख लावली नाही आणि तरी जगलं, ते झाड तेवढं विचारायचं राहून गेलं. कुणीही चमत्कार दाखवला की आधी तेच विचारायचं, बाऊजी. विचारायला शाळा लागत नाही."

गोठ्यामागे जाऊन बाऊजींनी स्वतःच बर्फ उकरला, एक काडी नखाने खरवडून पाहिली आणि हात पुढे केला.

"चाकू आण. माझा आण, तुझा बोथट आहे."

दोघांचे काम नऊ दिवस चालले. शेवटच्या पाच झाडांपर्यंत काड्या जाग्या झाल्या होत्या, ती पाच गेली. आणखी तीन उन्हाळ्यात गेली. तेहतीस झाडे जगली.

वल्कलनाथ महाराज त्याच आठवड्यात खालच्या खोऱ्यात गेले. तिकडे सफरचंद होत नाही, मक्याच्या भावकीतली केळी होतात.

साहेबाच्या झाडाला त्या वर्षी अकरा नवी पाने आली. त्याला कुणी काहीही लावले नव्हते.